मीठ मारायला सोडा, चरे मिटवायला टूथपेस्ट?

मार्च संपत आला की ओंटारिओतल्या आम्हा मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. पाडव्याच्या शुभेच्छा आणि हा, मागेपुढेच येतात. बर्फ सरला, आता घरच्या घरी गाडी नव्यासारखी करा, असा त्याचा सूर. सांगणं थोडक्यात असं: रस्त्यावरचं मीठ गाडीचा रंग खातं, ते 'मारायला' खायच्या सोड्याच्या पाण्याने गाडी धुवा आणि हट्टी डागांना व्हिनेगर लावा, चरे टूथपेस्टने घासा, धुवायची भर उन्हात, म्हणजे लगेच सुकते, शेवटी फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन फिरवा, आणि पैसे असतील तर सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा पातळ, कडक संरक्षक थर) करून टाका, मग बघायलाच नको. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. चौथ्यांदा पाठवणारे काका माझ्या बाबांच्या वयाचे, म्हणून मी ग्रुपवर गप्प बसले. इथे बोलते.

आधी मिठाचं. मीठ रंग खात नाही. आजच्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. या क्लिअर कोटला मिठाचं पाणी फारसं काही करू शकत नाही. दारावर पांढरी भुकटी दिसते आणि जीव कळवळतो खरा, पण ती साध्या पाण्याने जाते. मीठ खातं ते लोखंड, आणि लोखंडापर्यंत पोचायला त्याला दार लागतं. ते दार उघडतो समोरच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा. बॉनेटच्या पुढच्या कडेला, चाकांच्या कमानींवर, दारांच्या खालच्या काठावर टाचणीच्या डोक्याएवढे टवके उडालेले असतात. मीठ तिथून आत शिरतं आणि रंगाच्या खालून पसरतं.

मग हिवाळ्यानंतर रंग खरखरीत आणि मंद का दिसतो? कारण मिठाबरोबर वाळू असते, डांबराचे शिंतोडे असतात आणि ब्रेकमधून झडलेले लोखंडाचे बारीक कण असतात. मीठ तसं मऊच. चरे पडतात ते वाळूने, आणि त्यातले बरेचसे आपणच पाडतो. काचेवरचा बर्फ झाडायचा ब्रश घेऊन तसाच बॉनेटवर फिरवतो. गाडी कोरडी असताना पांढरे डाग बाहीने पुसतो. पेट्रोल पंपावरच्या काच पुसायच्या स्पंजाने दार पुसणारे मी डोळ्यांनी पाहिलेत, आणि त्या बादलीत काय काय असतं हे न विचारलेलंच बरं.

मिठाबद्दल आणखी एक, कारण ते मेसेजमध्ये कुणीच लिहीत नाही. साधं मीठ उणे ९-१० अंशांच्या खाली सुस्तावतं, म्हणून कडाक्याच्या थंडीत त्याच्या जोडीला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. मुंबईत पावसाळ्यात कपाटात ओल शोषायला ठेवतात त्या डबीत बहुधा हेच कॅल्शियम क्लोराइड असतं. हवेतली ओल ओढून ते स्वतःच पाणी होतं. म्हणजे गाडी कोरडी दिसली तरी कमानीच्या आतला चिखल ओलाच राहतो. आणि गंजाला ऊब आवडते: बाहेर उणे पंधरात गोठलेली गाडी रोज रात्री उबदार गॅरेजमध्ये नेली, की वितळलेलं खारट पाणी रात्रभर आपलं काम करत बसतं.

आता सोडा. मेसेजमधला हा मुद्दा सगळ्यात शास्त्रीय वाटतो आणि सगळ्यात पोकळ आहे. सोडा आम्लाला मारतो. मीठ आम्ल नाही. शाळेत शिकलो ते आठवा, आम्ल आणि अल्कली यांच्यातून मीठ आणि पाणी तयार होतं, म्हणजे त्यांचं भांडण आधीच मिटलेलं आहे. मिटलेल्या भांडणात सोडा काय मध्यस्थी करणार? गंजाला चेतवतो तो मिठातला क्लोराइड, आणि सोडा त्याला हातही लावत नाही. क्लोराइड जातो तो फक्त पाण्याने वाहून. ही समजूत कुठून आली असावी याचा माझा अंदाज आहे: बॅटरीच्या टोकांवर जमणारा पांढरा-हिरवट थर सोड्याच्या पाण्याने खरंच फसफसून निघतो, कारण बॅटरीत गंधकाम्ल असतं. तिथला नियम कुणीतरी उचलून पत्र्यावर चिकटवला.

व्हिनेगरची गोष्टही तशीच. बुटांवरचे, गाडीतल्या गालिच्यावरचे मिठाचे पांढरे डाग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने छान जातात. पण टवका उडालेल्या उघड्या लोखंडावर आम्ल लावणं म्हणजे मिठाला मदतनीस पाठवणं. शिवाय एकाच धुण्यात आधी सोडा आणि मग व्हिनेगर वापरला तर दोघं एकमेकांनाच संपवतात, आणि आपल्याला फेस बघायला मिळतो तेवढाच.

त्यापेक्षा पैसे खालून पाणी मारण्यावर खर्च करा. नाणी टाकून स्वतः गाडी धुवायच्या जागा इथे हिवाळाभर चालू असतात. शून्याच्या वर पारा गेला, त्या दिवशी कमानींच्या आत, दारांखाली आणि मागच्या बंपरच्या बेचक्यात दहा मिनिटं नुसतं पाणी मारा. साबण नंतर. दारांची रबरं मात्र पुसून घ्या, नाहीतर रात्री पारा उतरला की सकाळी दार उघडत नाही.

टूथपेस्टवर जरा थांबते, कारण इथे आपल्या भाषेचाही थोडा दोष आहे. आपण 'पॉलिश मारणे' हा एकच शब्द दोन उलट्या कामांना वापरतो. पॉलिश रंगावरचा थर काढतं, वॅक्स वर थर घालतं. सांगलीला बाबांची प्रीमियर पद्मिनी होती. दिवाळीच्या आधी तिचं 'रबिंग' व्हायचं, आणि गॅरेजमधल्या चाचांचं फडकं गाडीच्या रंगाचं होऊन जायचं. आम्ही पोरं ते फडकं बघायला थांबायचो. तो रंग एकेरी होता, वर क्लिअर कोट नसलेला. वरचा भाग उन्हाने भुकटीसारखा व्हायचा, तो घासून काढला की खालून ताजा रंग वर यायचा. त्या गाडीसाठी घासणं हाच उपाय होता, आणि आमच्या आधीच्या पिढीचा घासण्यावरचा विश्वास तिथून आलाय. तो तेव्हा चुकीचा नव्हता.

आज तुमच्या फडक्यावर गाडीचा रंग आला, तर समजा की तुम्ही क्लिअर कोटच्या पार गेलात, आणि आता रंगाऱ्याकडे जाण्यावाचून इलाज नाही. हा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. उन्हापासून रंगाला वाचवायचं काम त्याचंच. हलक्या हाताचं नीट केलेलं पॉलिशिंगसुद्धा त्यातला एखाद-दोन मायक्रॉन घेऊन जातं. म्हणजे ही मोजकी शिल्लक आहे आणि तिच्यात भर कधीच पडत नाही.

टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा खडूसारखी भुकटी असते, दातांसाठी ठरवलेली. गाडीच्या पॉलिशमधली भुकटी कशी आणि किती घासेल हे कारखान्यात ठरतं, बाटलीवर लिहिलेलं असतं, आणि तिला जोड पॅडची असते. टूथपेस्टबाबत यातलं काहीच हाती नसतं. व्हिडिओत चरा नाहीसा होताना दिसतो, कारण पेस्टचा ओलसर अंश त्यात भरलेला असतो आणि आजूबाजूला एक धूसर पट्टा उमटलेला असतो. दोनदा धुतल्यावर चरा परत दिसतो आणि पट्टाही राहतो. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटवर टूथपेस्ट चालते, हे खरं. पण तिथेही ती काचेवरचा, म्हणजे खरं तर प्लॅस्टिकवरचा, उरलासुरला संरक्षक थर काढते आणि काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा.

चऱ्याची परीक्षा सोपी आहे. त्यावरून नख आडवं फिरवा. नख अडलं, तर तो घासून जाणारा नाही, मग हातात टूथपेस्ट असो की महागडं मशीन.

आणि बहुतेक गाड्यांना चऱ्यांची नाही, खरखरीची तक्रार असते. धुतलेल्या गाडीवर हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. वाळूच्या कागदासारखं लागलं, तर वर डांबर आणि लोखंडाचे कण बसलेले आहेत. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी ठिपक्यांसारखे दिसतात आणि लोक गंज आला म्हणून घाबरतात. लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा मिळतो. तो मारला की जांभळे ओघळ वाहायला लागतात आणि उग्र वास येतो, सडलेल्या अंड्याच्या जवळपासचा. डांबराला डांबरासाठीचंच द्रावण. मग जे उरेल त्याला क्ले, म्हणजे मळलेल्या कणकेसारखा गोळा, भरपूर ओल ठेवून हलक्या हाताने. गोळा खाली पडला तर फेकून द्या, कितीही जीव अडकला तरी. एवढं केल्यावर निम्म्या गाड्यांना पॉलिश लागतच नाही, नुसतं वॅक्स पुरतं. माझं या सगळ्यात एवढंच म्हणणं आहे: वर बसलेलं आधी उतरवा, घासायचं की नाही ते नंतर ठरवा.

उन्हाबद्दल फार लिहायला नको. एप्रिलमध्ये हवा दहा अंशांवर असली तरी काळ्या गाडीचं बॉनेट उन्हात चांगलंच तापतं. साबण आणि पाणी जागच्या जागी सुकतं. ग्वेल्फ-वॉटर्लूकडे नळाला जमिनीखालचं क्षाराचं पाणी येतं. बोअरच्या पाण्याने बादलीला जो पांढरा थर धरतो, तोच बॉनेटवर गोल गोल ठिपक्यांनी धरतो. सावलीत धुवा आणि लगेच टॉवेलने टिपा. पुसू नका, टिपा.

रॉकेलने चकाकी येते, यात वाद नाही. ओल्या दगडाला येते तशीच. तेलाचा पातळ थर बारीक चऱ्यांत भरतो आणि उजेड विखुरत नाही, म्हणून रंग गडद दिसतो. दोन दिवसांत त्याच थरावर धूळ चिकटते, ती पुसताना पुन्हा चरे, आणि दारांच्या रबरांना ते मानवत नाही ते वेगळंच. डांबराचा एखादा ठिपका काढायला रॉकेलचा बोळा लावलात आणि लगेच साबणाने धुतलात, तर मी काही म्हणणार नाही. भांड्यांच्या लिक्विडचंही तसंच: वॅक्स लावायच्या आधी एकदा वापरलं तर चालेल, पण दर आठवड्याला वापरलंत तर लावलेलं वॅक्स तुम्हीच धुऊन टाकाल.

राहिलं सिरॅमिक कोटिंग. ते फसवं नाही. पाणी त्यावर ठरत नाही, मीठ सहज निघतं, धुणं सोपं होतं. फसवी आहे ती '९एच' ही जाहिरात. ती ऐकून लोकांना हिऱ्याच्या खालोखालचा कठीणपणा वाटतो. ९एच हा पेन्सिलींच्या कसोटीतला आकडा आहे: शिसपेन्सिलीने चरा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. हायवेवर शंभरच्या वेगाने येणारा खडा पेन्सिल नव्हे. खडा अडवायचा तर पारदर्शक फिल्म लावावी लागते, ती कोटिंगपेक्षा कितीतरी जाड असते आणि तिची किंमतही तशीच. आणि चरे न काढता वर कोटिंग केलंत, तर तेच चरे आता कोटिंगखाली जपून ठेवलेत.

शेवटी मी काकांना फोन केला, आणि शनिवारी त्यांच्या ड्राइव्ह-वेमध्ये आम्ही दोघांनी त्यांची गाडी पाहिली. बॉनेट आरशासारखं; रॉकेलच, ते हसत म्हणाले. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर मात्र रंगाखाली वाटाण्याएवढा फुगवटा होता. बोटाने दाबला तर कुरकुरला. तो आता पत्र्याच्या कामाचा. बाकीचे टवके ताजे होते, तांबूसही झाले नव्हते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून रंगाचा कोड घेतला, टचअपची बाटली मागवली. पुढच्या शनिवारी पारा पंधरावर आणि हवा कोरडी असेल तर स्पिरिटने पुसून, टूथपिकच्या टोकाने एकेक टवका भरायचा, पातळ थर, मध्ये वाळू देत. एकूण अकरा निघाले. काकांनी प्रत्येकाशेजारी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून ठेवलाय, हरवू नयेत म्हणून.