हसू आलं तर खोकून टाका

नायक बाईचा वेष घेतो, असा सिनेमा पाहायला निघाला आहात ना? तिकीट काढलंत ही चूक झालीच आहे, ती आता निस्तरायची कशी एवढंच बघू. गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. नायकाला नोकरी मिळत नाही, नाहीतर राहायला खोली मिळत नाही, नाहीतर गुंड मागे लागलेले असतात. तो साडी नेसतो, विग चढवतो आणि आवाज बारीक करतो. मग कुणीतरी वयस्क, श्रीमंत, एकाकी गृहस्थ त्याच्या प्रेमात पडतो आणि शेवटी भर सभेत विग निघतो. हे सगळं ठाऊक असूनही तुम्ही पैसे भरून आत चाललात. तेव्हा निदान आजूबाजूच्यांना असं तरी वाटलं पाहिजे, की तुम्हाला कुणीतरी ओढून आणलंय.

पहिली अडचण हसण्याची. ते सांगून येत नाही. पुढच्या रांगेतला माणूस फुटला की मागच्याच्या पोटात कळ येतेच. अशा वेळी खोका. हसणं आणि खोकणं यांची सुरुवात सारखीच असते, फरक शेवटी पडतो. सुरुवात झाली की हात तोंडाशी न्यायचा, खांदे हलू द्यायचे आणि शेवट खोकल्यावर करायचा. डोळ्यांत पाणी आलंच तर तेही खोकल्याच्या खात्यावर जातं. थोड्या सरावाने अख्खा मध्यंतरापर्यंतचा भाग असा निभावून नेता येतो. शेजारचा फार तर पाण्याची बाटली पुढे करेल.

मध्यंतरात मात्र तोंड उघडावं लागतं. तिथे एकच प्रश्न पुरतो. दिसायला साधा आहे, पण अजून एकाही सिनेमाला त्याचं उत्तर देता आलेलं नाही: ‘‘पण त्यांनी त्याला ओळखलं कसं नाही?’’

हा प्रश्न विचारताना भुवया वर गेल्या पाहिजेत. इतक्या मोठ्या बंगल्यातल्या इतक्या माणसांपैकी एकालाही मनगटावरचे केस दिसू नयेत? स्वतःची बायको, जिने या माणसाचं घोरणं वर्षानुवर्षं ऐकलं, तिला आवाज ओळखू येऊ नये? बोलता बोलता तुम्हाला स्वतःच्या तर्कबुद्धीचं कौतुक वाटू लागेल. वाटू द्या. फक्त महाभारताचा विषय कुणी काढणार नाही, एवढं सांभाळा. विराटाच्या दरबारात अर्जुन बृहन्नडा होऊन वर्षभर राजकन्येला नाच शिकवत राहिला. धनुष्याच्या दोरीचे घट्टे दिसू नयेत म्हणून त्याने हातभर बांगड्या चढवल्या, आणि तेवढ्यावर भागलं. कुणी म्हणेल, त्याला उर्वशीचा शाप होता. असेल. बाकीच्या चौघांना कुठे होता? भीमाच्या आकाराचा माणूस मुदपाकखान्यात पळी ढवळतोय आणि विराटाला नुसता आचारी दिसतोय. हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात, एकदाही भुवई वर गेली नाही. पण ते महाकाव्य आहे. हा शुक्रवारी लागलेला सिनेमा आहे. इथे आधारकार्ड तपासायलाच हवं.

शेक्सपिअरचंही तेच. ‘अॅज यू लाइक इट’मधली रोझलिंड पुरुषवेष घेते, आणि त्या वेषात प्रियकराला म्हणते, मलाच रोझलिंड समज आणि माझं मन जिंकून दाखव. तो समजतो. त्या काळी इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर बायकांना मज्जाव, म्हणजे रोझलिंड मुळात एक पोरगा. मुलगा मुलगी झाला, ती मुलगी मुलगा झाली आणि तो मुलगा मुलगी असल्याचं नाटक करतोय. चारशे वर्षं लोक याला अभिजात म्हणत आलेत. तुम्हीही म्हणा. अभिजात म्हणताना हसावं लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

याच ओघात दुसरी मागणी रेटता येते: वेषांतर खरं वाटलं पाहिजे. ‘‘अरे, जरा मेकअप तरी धड करायचा!’’ असं म्हणून मान हलवली की बरोबरचे गप्प होतात. आता, वेषांतर खरंच बेमालूम झालं तर काय उरेल, हा विचार करायला मध्यंतर पुरत नाही, हे बरंच आहे. आमचे अण्णा साळुंके 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले, आणि 1917 साली ‘लंकादहन’मध्ये रामही तेच आणि सीताही तेच. पडद्यासमोर बसलेल्यांना सीता हवी होती, सीता दिसली. बालगंधर्व रंगमंचावर आले की घरंदाज बायका त्यांच्या साड्यांची आणि दागिन्यांची नक्कल करत. तिथे पुरुष दिसला असता तर खेळ फसला असता. वेषांतराच्या विनोदाचं नेमकं उलटं आहे. तिथे पदराखालचा पुरुष आपल्याला क्षणभरही विसरता येता कामा नये. पडद्यावरचे सगळे फसलेत आणि आपण एकटे शहाणे, या सुखासाठीच तर ती मिशीची सावली ओठावर ठेवलेली असते. म्हणजे मेकअप वाईट असणं हेच कामाचं. पण हे कुणाला सांगू नका. सांगितलं तर पुढची तक्रार कशाबद्दल करायची?

मूळ शोधण्याची तक्रार आहेच म्हणा. ‘‘हे कुठून उचललंय माहितेय?’’ या वाक्याने चांगला दीड तास निघतो. ‘चाची 420’ पाहून कुणी खूश दिसला की त्याला म्हणावं, अरे, ही 1996 च्या तमिळ ‘अव्वै षण्मुगी’ची हिंदी आवृत्ती. तमिळवर कुणी खूश असेल तर त्याच्यासाठी 1993 चा ‘मिसेस डाउटफायर’ आहे. तो पाहिलेला निघाला तर कादंबरी काढावी. ती 1987 सालची. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) पाठ असलेला भेटला, आणि तो भेटतोच, तर 1966 चा ‘बीवी और मकान’ त्याच्या अंगावर घालावा. ‘मोरूची मावशी’ म्हणाला तर 1892 सालचं ‘चार्लीज आंट’. आणि अमेरिकन ‘सम लाइक इट हॉट’ (1959) तरी अस्सल असेल म्हणून कुणी सुस्कारा टाकला, तर त्यालाही सोडू नका. त्याच्या आधी 1951 चा जर्मन सिनेमा आहे आणि त्याच्याही आधी 1935 चा फ्रेंच. मूळ सापडेपर्यंत हसणं स्थगित ठेवायचं, एवढाच नियम. मूळ सापडलंच तर तो जुना विनोद झाला, त्यावर काय हसायचं?

जाणकार प्रेक्षकाने माहिती द्यावी ती नेमकी विनोदाच्या क्षणी. ‘सम लाइक इट हॉट’ बघताना जॅक लेमन बायकी टोपीखालून पहिल्यांदा डोळे मिचकावतो, तेव्हा शेजाऱ्याच्या कानाशी जाऊन सांगावं, ‘‘कृष्णधवल का माहितेय? रंगीत चाचणीत बाई झालेल्या दोन्ही नायकांचा मेकअप हिरवट दिसत होता.’’ शेजारी ‘‘हो का?’’ म्हणेपर्यंत विनोद निघून गेलेला असतो. त्याच सिनेमात लेमन स्वतःचं लग्न ठरल्याचं आनंदाने सांगत असतो, हातात खुळखुळ्यासारखी दोन वाद्यं, आणि दर वाक्यानंतर तो ती वाजवत नाचतो. दिग्दर्शक बिली वाइल्डरने ती मुद्दाम दिली होती, प्रेक्षकांच्या हशात पुढचं वाक्य बुडू नये म्हणून. थोडक्यात, हसण्यासाठी जागा सोडलेली आहे. रिकामी जागा दिसली की आपण काय करतो? बोलतो. फोन असेल तर फोनवर बोलतो.

अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने 2000 साली सर्वांत विनोदी अमेरिकन सिनेमांची यादी केली, तेव्हा पहिल्या नंबरावर हाच सिनेमा आला आणि दुसऱ्यावर ‘टूट्सी’, म्हणजे पुन्हा बाईच्या कपड्यातला पुरुष. याच्यावरून अमेरिकन लोकांच्या अभिरुचीबद्दल दोन कडक वाक्यं तयार ठेवावीत.

आता संस्कृती. हा मुद्दा घरी परतताना, गाडी सिग्नलला थांबलेली असताना काढायचा. पुरुषाने साडी नेसून कंबर हलवणं मुलांवर काय संस्कार करतं, असं गंभीरपणे विचारायचं. मागच्या सीटवर मुलं तोच डायलॉग चौदाव्यांदा म्हणत असतील, तिकडे दुर्लक्ष करावं. तुमच्याच गाडीत कुणी दुसऱ्या टोकाचा असेल तर तो म्हणेल, असल्या सिनेमांनी बाईच्या कपड्यांतल्या पुरुषाला कायमचा हास्यास्पद करून ठेवला आणि त्याची किंमत ज्यांना रस्त्यात टाळ्यांचे आवाज काढून चिडवलं जातं त्यांनी मोजली. त्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे, म्हणून तर ते पूर्ण ऐकून घेऊ नये. ऐकलं तर पुढे एक त्रासदायक फरक करावा लागतो. काही सिनेमे साडीतल्या शरीराला हसतात, आणि काही साडीत सापडलेल्या पुरुषाच्या फजितीला. पहिले बघवत नाहीत. दुसऱ्यांत हसू पुरुषाच्या अंगावर उलटतं. दोन्हींना एकाच काठीने हाणलं की डोकं चालवावं लागत नाही, आणि सिग्नलही सुटतो.

बाईने पुरुषवेष घेतला की ते धाडस, आणि पुरुषाने बाईचा घेतला की कॉमेडी, असं का, हा प्रश्न गाडीतली एखादी बाई विचारेल. तेव्हा आवाज वाढवून गाणी लावावीत.

या सगळ्यात खरा धोका एकच, आणि तो फार थोड्या ठिकाणी असतो. ‘टूट्सी’ची तयारी चालली होती तेव्हाची गोष्ट त्याचा नायक डस्टिन हॉफमनने पुढे एका मुलाखतीत सांगितली. बाईच्या मेकअपमध्ये त्याने स्वतःला पडद्यावर पाहिलं आणि म्हणाला, आता मला सुंदर करा. मेकअपवाले म्हणाले, याहून सुंदर तू होणार नाहीस. घरी जाऊन तो रडला. आपण बाई म्हणून इतके इंटरेस्टिंग आहोत, पण हीच बाई एखाद्या पार्टीत भेटली असती तर आपण तिच्याशी बोलायलाही गेलो नसतो, कारण ती दिसायला तेवढी बरी नाही. अशा किती जणींशी आपण बोललोच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. हे सांगतानाही त्याचा गळा दाटलेला होता. तुमच्या सिनेमात असा क्षण यायचा संभव असतो: नायकाचा पदर कुणीतरी ओढतं, त्याचं बोलणं मध्येच तोडलं जातं, बॉस त्याला ‘डार्लिंग’ म्हणतो आणि त्याच्या तोंडावर एकदम काहीतरी येतं. त्या क्षणी थिएटरमधल्या बायकांचं हसू थोडं वेगळ्या आवाजात येतं. तुम्ही तेव्हा पॉपकॉर्न आणायला गेलेले असावेत.

मी स्वतः हे सगळे नियम पाळून परवा एक असा सिनेमा पाहून आलो. शेजारी एक पन्नाशीचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी हाताची घडी घातली आणि मला वाटलं, हा माणूस आपल्यातला. नायकाने आरशासमोर पहिल्यांदा निऱ्या घातल्या आणि त्या सगळ्या एकदम सुटल्या, तेव्हा शेजारून बारीकसा खोकला आला. उत्तम खोकला होता, वहिवाटीचा. मध्यंतरात ते बायकोला म्हणाले, ‘‘टुकार आहे. आपल्या वेळी विनोदाला काही दर्जा होता.’’ बाईंनी चिप्सचं पाकीट फोडलं आणि काही बोलल्या नाहीत.

शेवटी तो प्रसंग आला. भरलेला हॉल, नायक बाईच्या वेषात सत्काराला उभा, हार घालायला तोच श्रीमंत म्हातारा, आणि हाराचा धागा विगच्या पिनेत अडकला. म्हाताऱ्याने हात मागे घेतला की विग कपाळावर येई, पुढे केला की मागे सरके. नायक नमस्काराच्या मिषाने डोकं हाराबरोबर पुढेमागे करतोय, आणि समोरचे सगळे त्याला विनम्रता समजून टाळ्या वाजवतायत. मी खोकायला लागलो होतो. तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. शेजारच्या गृहस्थांनी. डोळे मिटलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंडातून आवाज फुटत नाही, नुसतं पोट हलतंय. आधारासाठी बायकोचा हात शोधताना माझा सापडला असावा. तिसऱ्यांदा विग कपाळावर आला तेव्हा त्यांनी तो आणखी आवळला, आणि मलाही खोकला सुचेना.

दिवे लागल्यावर त्यांनी हात सोडला, चष्मा वर केला, पेन खिशात आहे ना ते चाचपलं.

‘‘फारच ओढूनताणून केलंय हो,’’ ते म्हणाले.

‘‘अगदी,’’ मी म्हणालो, आणि मनगटावर उठलेले त्यांच्या बोटांचे चार वळ शर्टाच्या बाहीखाली ढकलून बाहेर पडलो.