‘पुस्तकं वाचून चित्र येत नसतं, मॅडम’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात, मोठेपणी चित्र शिकू पाहणाऱ्यांसाठी मी चार पुस्तकं सुचवली होती: बेटी एडवर्ड्स यांचं ‘ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन’, किमॉन निकोलाइडीस यांचं ‘द नॅचरल वे टु ड्रॉ’, योझेफ आल्बर्स यांचं ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ आणि प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’. त्याखाली तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा सांगते. एडवर्ड्स यांची उजव्या-डाव्या मेंदूची कल्पना केव्हाच मोडीत निघाली आहे. त्यांच्या पुस्तकातलं चित्र उलटं धरून काढणं ही सर्कस आहे. चारांतली तीन पुस्तकं परकी आहेत, सौंदर्यशास्त्रावर लिहिणारे मर्ढेकर-पाटणकर नाहीत, विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रकलेवरच्या भागाचं, चित्रसूत्राचं तर नावही नाही. आल्बर्स परवडत नाही. आणि शेवटी हे वाक्य: ‘पुस्तकं वाचून चित्र येत नसतं, मॅडम, हे एलिमेंटरीला बसलेल्या पोरालाही कळतं. याद्या बनवणाऱ्यांना कधी कळणार?’

मुद्द्यांकडे येते, पण आधी तो सूर. बावीस वर्षं मी एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांचे आणि निवृत्तीनंतर चित्राकडे वळलेल्यांचे वर्ग घेते आहे. ‘याद्या बनवणारे’ हे मला लागू होत नाही. मतभेद जरूर मांडा. पण समोरच्याने हातात कधी पेन्सिलच धरली नसेल असं धरून चालायचं आणि त्याला टीका म्हणायचं, हे मला पटत नाही.

एक गोष्ट मान्य करते. एडवर्ड्स यांचं पुस्तक १९७९ सालचं. रॉजर स्पेरी यांच्या ज्या संशोधनाचा त्यांनी आधार घेतला, त्याला १९८१ साली नोबेल मिळालं. पण ते काम मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा तंतूंचा पट्टा शस्त्रक्रियेने कापलेल्या रुग्णांवरचं होतं. अमका उजव्या मेंदूचा, तमका डाव्या मेंदूचा, असं त्यातून निघत नाही. माझ्या लेखात ‘उजवा मेंदू जागा होतो’ असं एक वाक्य होतं. ते ढिसाळ होतं, काढून टाकलं आहे. मात्र सराव का जमतो याचं स्पष्टीकरण चुकलं म्हणून सरावही चुकला, असं होत नाही.

आता तुमचं ते वाक्य. एलिमेंटरीच्या पोराचा दाखला तुम्हीच दिलात, म्हणून तिथूनच सुरुवात करते. स्थिरचित्राच्या पेपरला टेबलावर तांब्या ठेवा आणि कागद गोळा करा. बहुतेक कागदांवर तांब्याचं तोंड जवळजवळ पूर्ण गोल असतं आणि बूड पट्टी लावल्यासारखं सरळ. समोर तसं दिसत नसतं. डोळ्याच्या पातळीच्या थोडं खाली असलेलं तोंड चपट्या लंबगोलासारखं दिसतं, आणि बूड त्याहून खाली असल्यामुळे त्याची कड तोंडापेक्षा जास्त वळलेली दिसते. मूल तोंड गोल काढतं, कारण तोंड गोल असतं हे त्याला माहीत आहे. बूड सरळ काढतं, कारण ते सपाट टेबलावर टेकलं आहे हे माहीत आहे. हात ठीक असतो, पण माहिती नजरेच्या पुढे धावते. ‘नीट बघून काढ’ असं शंभरदा सांगून हे सुटत नाही. बघायला भाग पाडणारी युक्ती लागते, आणि एडवर्ड्स यांचं पुस्तक अशा युक्त्यांनी भरलेलं आहे.

ज्याला तुम्ही सर्कस म्हणता तो सराव बघा. पिकासोने १९२० साली संगीतकार स्ट्राविन्स्कीचं रेषांचं व्यक्तिचित्र काढलं. पुस्तकात ते उलटं छापून तसंच उतरवायला सांगितलं आहे. आधी मूळ चित्राच्या प्रमाणात चौकट आखायची. एचबी किंवा टूबी पेन्सिल घ्यायची, चाळीसेक मिनिटं मोकळी ठेवायची, फोन दुसऱ्या खोलीत. वरच्या कडेपासून सुरुवात करून एका रेषेवरून शेजारच्या रेषेवर जायचं. ही रेष चौकटीच्या कडेपासून किती दूर, कुठे वळली, दोन रेषांच्या मधली मोकळी जागा कोणत्या आकाराची, एवढंच बघायचं. ‘हा हात’, ‘हा चष्मा’ असं मनातही म्हणायचं नाही. पूर्ण होईपर्यंत कागद फिरवायचा नाही.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. पहिली चूक, आधी बाहेरची आकृती उरकून मग आत भरायला घेणं. बाह्यरेषा दोन-चार मिलिमीटरने जरी हुकली तरी आतलं काही बसत नाही. दुसरी, चेहरा आणि बोटं. उलटी असली तरी ती ओळखू येतात आणि लगेच पाठ झालेला डोळा, पाठ झालेलं नाक कागदावर उतरतं. त्यावर उपाय म्हणून मूळ चित्रावर कोरा कागद ठेवून एका वेळी तीन-चार सेंटिमीटरच उघडं ठेवा. तिसरी चूक उतावळ्यांची. वीस मिनिटांत उरकलेलं चित्र जवळजवळ नेहमी खाली घसरत लहान होत जातं.

आणि नक्कल करणं हा इथे हेतूच नाही. खुर्चीच्या पायांमधल्या रिकाम्या जागा काढण्याचा जो सराव याच पुस्तकात आहे, तो या उलट्या चित्रानंतर केला की उमगतो. त्यानंतर तांब्या.

निकोलाइडीस यांच्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि तुमच्या वाक्याला सगळ्यात सरळ उत्तर तेच पुस्तक देतं. ते न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवत. १९३८ साली ते वारले, पुस्तक १९४१ साली निघालं. ते वाचायचं पुस्तक नाहीच. त्यात कामाची वेळापत्रकं आहेत, आणि एकेका वेळापत्रकाला पंधरा तास प्रत्यक्ष चित्र काढायचं आहे. पहिलाच सराव असा की नजर वस्तूच्या कडेवर ठेवायची, पेन्सिलचं टोक त्या कडेला खरोखर टेकलं आहे अशी खात्री वाटेपर्यंत थांबायचं, मग नजर आणि टोक एकाच संथ गतीने सरकवायचं. कागदाकडे बघायचं नाही. हात नजरेच्या पुढे पळाला की थांबायचं. चित्र वेडंवाकडं येतं, रेषा एकमेकींना भेटत नाहीत. ते तसंच यायला हवं. त्याच्या जोडीला मिनिटाभरात संपणारी रेखाटनं, ज्यांत आकार नाही, शरीर काय करतं आहे तेवढंच पकडायचं. हे सगळं पलंगावर पडून वाचलं तर काही येणार नाही, हे तुमचं बरोबर. पण यात पुस्तकाची काय चूक? पोळ्यांची कृती वाचून पोळी फुगत नाही म्हणून कृती लिहूच नये का?

आल्बर्सही तसाच. ते पुस्तक १९६३ सालचं. सिल्कस्क्रीनच्या तक्त्यांची मूळ मोठी आवृत्ती कुणालाच परवडणार नाही. छोटी पेपरबॅक मिळते, तेवढी पुरे. आल्बर्स रंगवायला लावत नाही, रंगीत कागद कापायला लावतो. रंग मिसळण्यात वेळ जात नाही, ब्रशचे फटकारे मध्ये येत नाहीत आणि तोच रंग हवा तितक्या वेळा जसाच्या तसा मिळतो. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे साधे रंगीत कागद चालतात. घोटीव कागद मात्र टाळा, त्यावर ट्यूबलाइट चमकते आणि रंगाऐवजी चमकच दिसते. एक पिवळा आणि एक हिरवा, प्रत्येकी पंधरा सेंटिमीटरचा चौकोन शेजारी शेजारी ठेवा, मधे फट नको. दोन्हींच्या मध्यावर एकाच पोपटी कागदाचे दोन सेंटिमीटरचे तुकडे ठेवा. पिवळ्यावरचा तुकडा हिरवट दिसेल, हिरव्यावरचा पिवळसर. परिणाम दिसला नाही तर कारणं बहुधा तीन: तुकडा फार मोठा कापला, कडेला पांढरी रेघ राहिली, किंवा पोपटी रंग दोघांपैकी एकाकडे जास्त झुकलेला आहे. डिंक लावू नका, कागद फुगतो; नुसते ठेवून खिडकीच्या उजेडात बघा. दारातली पिवळी रांगोळी शेणाने सारवलेल्या अंगणात जेवढी उठते तेवढी पांढऱ्या फरशीवर उठत नाही, हे आपण सगळे बघत आलो आहोत. त्याचं कारण हातांनी तपासायची रीत आल्बर्सने लिहून ठेवली. त्याला परका म्हणून बाजूला सारण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

चित्रसूत्राचं नाव तुम्ही काढलंत, याचा मला आनंदच झाला, कारण ते तुमच्याच वाक्याविरुद्ध साक्ष देतं. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा विचारतो आणि मार्कंडेय सांगतो. त्यात देहाची नऊ स्थानं, म्हणजे ठेवणी आहेत, देह वळला की कोणता भाग आखडतो आणि कोणता वाढतो ते क्षय-वृद्धीचं गणित आहे, छटा देण्याच्या वर्तनेचे तीन प्रकार आहेत, आणि त्यांतला बिंदुज म्हणजे ठिपक्यांनी दिलेली छटा. ही सगळी चित्र कसं काढायचं याची लिहून ठेवलेली कृती आहे. चित्र शब्दांतून शिकवता येत नसेल तर मार्कंडेयाने एवढे श्लोक कशासाठी खर्च केले?

मर्ढेकर आणि पाटणकर यांच्याविषयी वेगळं लिहायचं आहे. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’मधला संवाद, विरोध आणि समतोल लयीचा विचार मला फार मोलाचा वाटतो, पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ही. पण माझी यादी हात चालवायला शिकणाऱ्यांसाठी होती, आणि ते लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. तो परिच्छेद वाचला असता तर हा मुद्दा निघाला नसता. बरवे मी का घेतले, हेही तिथेच आहे: वस्तू आणि तिच्या भोवतीचा अवकाश यांच्याकडे रंगवणाऱ्याच्या नजरेने बघणारं मराठी गद्य मला दुसरीकडे इतकं स्वच्छ सापडलं नाही. बाकी मुद्द्यांवर वाद घालत बसत नाही.

काहींनी विचारलं आहे की स्ट्राविन्स्कीचं चित्र मिळालं नाही तर काय करायचं. निव्वळ रेषांचं कुठलंही चित्र चालेल, जुन्या दिवाळी अंकातलं रेखाटनही. छटा भरलेलं नको, फोटो तर पहिल्यांदा मुळीच नको, कारण त्यात रेष कुठे आहे हेच आधी ठरवावं लागतं. खुर्चीवर बसलेला, पाय दुमडलेला, कपड्याला चुण्या पडलेला माणूस मिळाला तर उत्तम. जितक्या चुण्या जास्त, तितकं नाव न घेता बघणं सोपं जातं.