पाण्यावर गोळा केला म्हणे

केमिस्ट्रीचा पेपर हातात आल्यापासून डोकं फिरलंय. चार मार्क अक्षरशः पाण्यात गेले, आणि वर निगेटिव्हचा एक कापला तो वेगळाच.

गणित काय, तर झिंकवर ॲसिड टाकलं, हायड्रोजन निघाला, तो पाण्यावर गोळा केला, तापमान 27 डिग्री, दाब 750 मिमी पारा, आकारमान 492 मिली, झिंक किती ग्रॅम ते सांगा. मी शहाण्यासारखं सगळं केलं हो. 27 चे 300 केल्विन केले, मिलीचे लिटर केले, 750 ला 760 ने भागून ॲटमॉस्फिअर केले, आर (वायूच्या गणितातला स्थिरांक) 0.0821 घेतला, मोल (रेणू मोजायचं माप) काढले, जितके मोल हायड्रोजन तितकेच झिंक म्हणून झिंकच्या एका मोलच्या वजनाने, 65.4 ने, गुणलं, आलं 1.29. बघते तर ऑप्शन बी, 1.29, साळसूदासारखा बसलेला. मी इतकी खूश की परत तपासलंसुद्धा नाही.

उत्तर 1.24. का? तर पाण्यावर गोळा केला ना, मग त्या बाटलीत हायड्रोजनच्या जोडीला पाण्याची वाफ फुकटात घुसलेली असते, तिचा दाब आधी वजा करायचा. 750 मधून 26.7, उरले 723.3, आणि मग पुढचं सगळं रामायण. तो 26.7 कुठे दिला होता माहितीये? प्रश्न संपल्यावर, खालच्या ओळीत, कंसात, मुंगीच्या अक्षरात. आणि वजा करायला विसरणारी कोणीतरी येणारच म्हणून 1.29 आधीच मांडून ठेवलेला. ऑप्शन ए 14.3 होता, तो केल्विन न करणाऱ्यांसाठी. त्यांना मी मनातल्या मनात हसले पण होते. म्हणजे हे लोक आधी आपल्या चुका सोडवतात आणि मग पेपर काढतात!!

आणि निघालाच आहे विषय तर तो आर. स्थिरांक म्हणे. कसला स्थिर? एकक बदललं की आकडा बदलतो, कधी 0.0821, कधी 8.314, कधी 0.0831, मिमी पारा असेल तर 62.4, कॅलरीत 1.987. घाईत 8.314 घेऊन दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये टाकलं की उत्तर तब्बल 101 पटीने गंडतं. एसटीपीचं, म्हणजे प्रमाण तापमान-दाबाचं, तर बोलूच नका, 1982 ला आयुपॅकने, म्हणजे केमिस्ट्रीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, प्रमाण दाब 1 ॲटमॉस्फिअरचा 1 बार केला, म्हणजे मोलला 22.7 लिटर, पण निम्मी गणितं अजून 22.4 लाच चिकटून, आणि पेपर काढणारा कुठल्या पार्टीचा ते निकाल लागल्यावर कळतं. तापमान 27 वरून 54 केलं तर आकारमान दुप्पट होतं का, हा अजून एक छळ. नाही होत, जेमतेम 9 टक्के वाढतं, कारण 300 चे 327. टायरच्या गणितात गेजवरचा आकडा देतात आणि बाहेरच्या हवेचा दाब त्यात मिळवायचा हे आपल्याला स्वप्नात कळायचं.

सगळ्यात कहर म्हणजे हा आदर्श वायू. ज्याच्या रेणूंना जागा लागत नाही, जे एकमेकांना ओढत नाहीत, असा वायू जगात कुठेच नाही. जो जन्मालाच आला नाही त्याच्यापायी माझे मार्क कापले गेले!

असो. शिव्या घालून झाल्यावर घरी नीट पेपर उघडला. 'पाण्यावर' या शब्दाखाली पेन्सिलची रेघ आहे. एक नाही, दोन. माझीच. वाचताना मारली, पुढच्या मिनिटाला विसरले. सरांनी त्याच शब्दाभोवती लाल गोल केलाय, बाजूला काहीही लिहिलेलं नाही, नुसता गोल. लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

आणि आता हे कुणाला सांगू नका, पण परीक्षेनंतर बाहेर उभं राहून मी दोघांना 1.29 कसं बरोबर आहे ते हातवारे करून पटवून दिलं होतं. त्यातल्या एकाला 1.24 आलेलं. तो बिचारा रात्रभर झोपला नाही म्हणे. आज सकाळपासून माझा फोन उचलत नाहीये.