इंजिन म्हणजे चादर नव्हे: मिस्त्रीकाकांना उत्तर

मिस्त्रीकाका, नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, खाली नुसतं ‘एक जुना मिस्त्री, सोलापूर’. म्हणून काका म्हणतो. ‘फियाटचं इंजिन घरच्या घरी’ या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच धुतलंत. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: बोअर (सिलिंडरची भोकं) बाहेर कापून, क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) बाहेर घासून, मग घरी काय केलं, पाने पुसले? मिस्त्री आठवड्यात देतो त्या कामाला चौदा महिने? १९७९ची पद्मिनी (प्रीमियरची फियाट) व्हिंटेज कधीपासून झाली? फियाट गरमच होते, त्यात शोध कसला? हेड (सिलिंडरवरचं झाकण) पुन्हा आवळल्याचा लेखात पत्ता नाही. नवं इंजिन दोन दिवस जागेवर चालू ठेवायचं सोडून थेट तुळजापूरला नेलं. आणि शेवटी, ‘इंजिन म्हणजे चादर नव्हे, उसवली आणि पुन्हा विणली.’

आधी व्हिंटेजचं. तिथे मी सपशेल हरलो. २०२१च्या केंद्राच्या नियमात व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात असलेली गाडी. आमची अजून पन्नाशीला पोचायचीय, तेव्हा आरटीओच्या लेखी ती नुसती जुनी. शब्द काढून टाकतो. (आणि ‘मुंबईची टॅक्सी सोलापुरात कशाला’ हा टोमणा मात्र परत घ्या. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद जन्मानं सोलापूरचेच. गाडी माहेरी आलीय म्हणा.)

‘घरच्या घरी’ हेही अर्धंच खरं. बोअर कापणं, क्रँक घासणं, हेडचं फेसिंग (तळ सपाट करणं) ही कामं एमआयडीसीतल्या बोरिंगवाल्याकडे झाली. ती मशीन कुणाच्या अंगणात असते? पण त्याच्याकडे काय न्यायचं आणि किती कापायला सांगायचं, ते घरी ठरलं. आमचं घर यंत्रमागाचं. वडील जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) कधी ‘माग दुरुस्त कर’ म्हणायचे नाहीत, ‘कुठं घासलंय ते आधी दाखव’ म्हणायचे. ती सवय अंगात आहे. इंजिन १०८९ सीसीचं, कंपनीचा बोअर ६८ मिलिमीटर. चारही सिलिंडर वर, मध्ये, खाली, आडवे-उभे मोजून वहीत लिहिले. पिस्टनच्या वरच्या रिंगेच्या जागी झीज सर्वांत जास्त, खाली जवळपास नाही. तसंच असायला हवं, कारण दाब वरच्या टोकाला जास्त आणि तेल तिथेच कमी पोचतं. नवे पिस्टन आधी आणले, मग ब्लॉक दिला. बोरिंगवाल्यानं प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरनं मोजला, डोक्यावर मार्करनं १ ते ४ आकडे टाकले आणि त्या-त्या पिस्टनचा बोअर कापला. ब्लॉक आधी कापून मग पिस्टन शोधत हिंडणारेही मी पाहिलेत. तुम्हीही पाहिले असतील.

आता गरम होण्याचं. याबाबतीत तुमच्याशी भांडणार. ‘फियाट गरमच होते’ हे मी लहानपणापासून ऐकतोय. इंजिन उघडलं, ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या टोप्या काढल्या, तर आत पाण्याच्या वाटेत तपकिरी-पांढरा खार इतका घट्ट बसलेला की स्क्रू ड्रायव्हरनं खरवडावा लागला. मागच्या चौथ्या सिलिंडरभोवती तर वाट बोटभरही उरली नव्हती. हा खार कुठून आला? आमच्या बोअरमधून. (बोअर म्हटलं की आपल्याकडे आधी पाणीच आठवतं, सिलिंडर नंतर.) नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, ते घरात पुरवून वापरायचं, रेडिएटरला कोण देणार? वडिलांनी तीस वर्षं बोअरचं पाणी ओतलं, आणि दर उन्हाळ्यात उकळून गेलं तितकं पुन्हा ओतलं. पाणी वाफ होऊन जातं, क्षार आत राहतात. मग बेचाळीस डिग्रीत हेड तापतं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, आणि ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं. हेड वाकलं, दोघांच्या मधलं गॅस्केट (गळती रोखणारा पातळ थर) गेलं. आठ-दहा वर्षांत तीनदा गॅस्केट बदललं गेलं, तिन्ही वेळा पैसे घेतले गेले, खार एकदाही काढला गेला नाही. कोणत्या गॅरेजात ते विचारू नका, तुमचं नसेल अशी आशा आहे. आता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. मेच्या दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलला तापमानाचा काटा मध्यावरच राहतो.

चौदा महिने लागले ते यापायीच. एक टोपी काढली की मागे नवं काहीतरी निघायचं, आणि मला फक्त रविवार. त्यात गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, पाहुणे, एक लग्न. गिऱ्हाईक दारात उभं असताना मिस्त्रीला एवढी सवड मिळत नाही, हे मला मान्य आहे. मिस्त्र्यांच्या पोटावर पाय देण्याचा विचार नाही. बोरिंगवाल्याचं बिल मी घासाघीस न करता दिलंय.

जागेवर चालवण्याचं मात्र मला पटत नाही, माफ करा. नव्या बोअरला होनिंगच्या (शेवटी दगडानं घासून पाडलेल्या) तिरप्या रेघा असतात. रिंग त्यावर घासून बसायची तर ती भिंतीला दाबली गेली पाहिजे, आणि तिचा स्वतःचा ताण त्याला थोडा पडतो. खरा जोर रिंगेच्या मागे शिरणाऱ्या गॅसचा, आणि गाडीवर भार असल्याशिवाय तो येत नाही. दोन दिवस न्यूट्रलला घुरघुरत ठेवलं तर रेघांवर तेलाची झिलई चढते, भिंत काचेसारखी होते आणि इंजिन जन्मभर तेल पितं. म्हणून तुळजापूर. भरधाव नव्हे, जरा ॲक्सिलरेटर दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. घाटात दुसऱ्या गिअरवर सावकाश. आल्यावर तेल बदललं, गाळात बारीक चकाकी होती, पुढच्या वेळी नव्हती.

आणि हेड आवळण्याचं. लेखात लिहिलं नाही, कारण केलंच नव्हतं. पहिल्यांदा टॉर्क पाना (ठरावीक जोरानं आवळायचा) लावला, तेवढ्यावर खूश झालो. तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली. रविवारी सकाळी थंड इंजिनावर मधून बाहेर, त्याच क्रमानं पुन्हा पाना फिरवला. मधल्या दोन नटांनी चांगली अष्टमांश फेरी घेतली. म्हणजे गॅस्केट दबलं होतं आणि मी गाफील होतो. अजून हजारभर किलोमीटर तसाच फिरलो असतो तर चौथं गॅस्केट माझ्या नावावर लागलं असतं. हेड खाली बसलं म्हणून टॅपेटही (व्हॉल्व्हवरची फट) सगळे पुन्हा लावावे लागले. हा परिच्छेद मूळ लेखात घालतोय, तुमच्या उल्लेखासकट.

राहिली चादर. चादर कुणी उसवत नाही काका, पण माग उघडतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच माग चालतो.

एक काम आहे. टॅपेट लावल्यापासून तीन नंबरच्या सिलिंडरला जरा जास्त टकटक येते. फीलर गेज (फट मोजायची पट्टी) बरोबर सांगतो, आवाज पटत नाही. रॉकरचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीचा) बुश असेल की व्हॉल्व्हचं टोक खचलं असेल, मला कळत नाहीये. रविवारी ऊन कललं की गाडी दारातच उभी असते. खाली लिहा, पत्ता कळवतो.