तात्पुरती वायर

मामांनी मला त्यांची गाडी दिली, असं मी लोकांना सांगतो. मामी सांगतात की मामांनी अंगण मोकळं करून घेतलं. दोन्ही खरं आहे. ती धूड एसयूव्ही सहा वर्षं झाडाखाली उभी होती. चारही टायर खालून चपटे, टपावर पानांचा थर आणि बोनेटखाली उंदरांचं बाळंतपण.

"2003 ची आहे, पण इंजिनाला हात लावायची गरज नाही," मामा म्हणाले. "फक्त लाइटचं थोडं बघावं लागेल."

लाइटचं थोडं. माझे पुढचे पाच महिन्यांचे रविवार मामांनी या दोन शब्दांत बसवले.

बाकीची कामं सरळ झाली. ब्रेक, तेलं, पट्टे, होस, टायर, सगळं मेकॅनिकने पंधरा दिवसांत उरकलं. मेकॅनिकल बिघाड हा स्वभावाने प्रामाणिक असतो. गळतं ते दिसतं, वाजतं ते ऐकू येतं. वीज दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि वास येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. मेकॅनिकने शेवटी डॅशबोर्डखालचं पॅनेल उघडलं, टॉर्च मारला, आणि पोट उघडून तसंच शिवून टाकणाऱ्या सर्जनच्या चेहऱ्याने ते परत बसवलं. "वायरिंगचं तुम्हीच बघा," म्हणाला. मला वायरिंगमधलं काही येत नाही हे त्याला माहीत होतं. तरीही म्हणाला.

मी पॅनेल उघडलं. कंपनीच्या वायरींना कूळ असतं. हिरवीवर पांढरी रेघ, तपकिरीवर पिवळी. कुठून निघाली आणि कुठे नांदते ते आकृतीत सापडतं. पण या खानदानी वायरींच्या मधून तीन मालकांच्या कारकिर्दीतल्या लाल वायरी घुसल्या होत्या. एखादी लाल धरून तिच्या मागे जावं, तर ती काळ्या टेपच्या गोळ्यात शिरायची आणि पलीकडून निळी होऊन बाहेर यायची. टेपचं उन्हाने डांबर झालेलं. ते बोटाला लागलं, बोटाचं नाकाला लागलं, आणि नाकाचं टॉवेलला लागलेलं पाहून बायकोने मला गाडीसाठी वेगळा टॉवेल दिला.

मी मामांना फोन केला. "मामा, स्टिअरिंगखाली एक पिवळी वायर नुसतीच लोंबतेय."

"ती राहू दे. ती तात्पुरती आहे."

"कधीची?"

"तू कॉलेजात होतास तेव्हाची."

फ्यूजच्या डबीत तर सगळा हिरवाच रंग. गाडीच्या चपट्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात: 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. जिथे लाल हवा तिथेही हिरवा. मामांचं तत्त्व असं, की फ्यूज उडतो म्हणजे तो लहान पडतो. मोठा घातला की उडत नाही. खरंच उडत नाही. फ्यूज सुखरूप राहतो आणि त्याच्या वाटचं जळण्याचं काम वायर करते. एका जागी फ्यूजऐवजी नुसतीच चंदेरी पन्नी गुंडाळलेली होती. ती मी काढून ठेवली आहे. रात्री झोप येत नसली की तिच्याकडे बघतो, म्हणजे मुळीच येत नाही.

पहिला रविवार मागच्या दिव्यांचा. मी ब्रेक दाबला, बायको मागे उभी.

"लागला का?"

"तुला डावीकडे वळायचंय का?"

"नाही, ब्रेक दाबलाय."

"मग डावा इंडिकेटर मिणमिणतोय. ब्रेकचा दिवा नाही लागला. आता पार्किंगचेही लागले बारीक. दिवाळी बंद कर."

हे कशाने होतं ते मी वाचून काढलं, आणि वाचताना गाडीबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. गाडीत दिव्याकडे वीज नेणारी वायर असते, परत आणणारी बहुधा नसते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्राच. दिव्याजवळून एक आखूड वायर निघते आणि पत्र्यावर बोल्टने आवळलेली असते. तिला अर्थ म्हणायचं. तो बोल्ट गंजला की गेलेल्या विजेला घरी यायची वाट सापडत नाही. मग ती शेजारच्या दिव्यात शिरते, तिथून त्याच्या शेजारच्या, आणि जाता जाता प्रत्येकाला थोडं थोडं पेटवत जाते. म्हणजे ब्रेकची वीज इंडिकेटरच्या घरातून चप्पल वाजवत मागच्या दाराने बाहेर पडत होती.

बोल्ट मागच्या दिव्याच्या आत, गालिच्याच्या कडेखाली होता. वरून ठीकच दिसत होता. सोडवला तर खाली तपकिरी पावडर, आणि तिच्याखाली कोणा हौशी माणसाने मारलेला सुंदर चकचकीत रंग. अर्थचा बोल्ट रंगावर आवळणं म्हणजे सांधा जुळवताना मध्ये कागद ठेवणं. सँडपेपरने पत्रा चांदीसारखा केला, बोल्ट आवळला, वर ग्रीस फासलं. ब्रेक दाबला.

"लागला," बायको म्हणाली. आवाजात थोडी निराशा होती. दिवाळी तिला आवडली असावी.

दुसरं प्रकरण ड्रायव्हरकडच्या काचेचं. ही काच फक्त दार उघडं असताना खाली यायची. कोणाशी दोन शब्द बोलायचे तर आधी दार उघडायचं, मग काच खाली करायची, मग दार लावायचं, मग नमस्कार. तोवर समोरचा निघून गेलेला असायचा. बटण बदललं, काही फरक नाही. शेवटी दार आणि खांब यांच्यामध्ये रबराची घडीघडीची नळी असते ती मागे सारली. आत सहा वायरी, दिसायला सगळ्या धडधाकट. एक जरा ओढली तर इलॅस्टिकसारखी लांबली. आतलं तांबं केव्हाच तुटलं होतं, नुसतं प्लास्टिक संसार टिकवून होतं. वीस वर्षं दार उघडताना-मिटताना तीच घडी, त्याच जागी. दार उघडलं की तांब्याची दोन टोकं टेकायची, मिटलं की दुरावायची. मी नवा तुकडा घालून झाळला, वर आकसणारी नळी चढवली. हे काम इतकं देखणं झालं की रबर परत झाकायला दोन दिवस हात धजला नाही.

तिसरं मात्र मामांच्या अभिमानाच्या जागी हात घालणारं होतं. गाडी देताना ते म्हणाले होते, "चावी फिरवून बघ. एक लाल दिवा लागत नाही!" खरंच लागत नव्हता. बॅटरीचा लाल दिवा चावी फिरवल्यावर लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावला तर 12.1 व्होल्ट. तिथे साधारण 14 यायला हवेत, म्हणजे बॅटरी भरणारा डायनॅमो (कागदोपत्री अल्टरनेटर) झोपलेला. नवा डायनॅमो घ्यायच्या तयारीत होतो, तेवढ्यात कळलं की जुन्या रचनेत डायनॅमोला जागं करणारा सुरुवातीचा करंट त्या लाल दिव्याच्या बल्बमधूनच जातो. बल्ब गेला की डायनॅमोला हाक मारणारं कोणी उरत नाही. करंगळीच्या नखाएवढा बल्ब बदलला आणि मीटरने 14.2 दाखवले. मामांना कळवलं.

"म्हणजे आता लाल दिवा लागतो?"

"लागतो आणि विझतो."

"बघ," मामा खिन्नपणे म्हणाले, "माझ्याकडे कधी लागला नव्हता."

इतकं झाल्यावर गाडी पूर्ण बरी व्हायला हवी होती. ती दर तिसऱ्या दिवशी सकाळी मरायची. चावी फिरवली की सेल्फ एकदा 'टक्' म्हणायचा आणि गप्प. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर केबल लावून सुरू करायची, फिरवायची, बॅटरी भरायची, उभी करायची. तिसऱ्या दिवशी पुन्हा टक्. एका शेजाऱ्याने मला येताना पाहून आपल्या गाडीचं बोनेट स्वतःहून उघडायला सुरुवात केली, तेव्हा मला लाज वाटली.

गाडी उभी असताना कोणीतरी वीज पीत होतं. ते मोजायची रीत अशी: बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडायची आणि ती केबल व बॅटरी यांच्यामध्ये मीटर धरायचा, म्हणजे जे जे गाडीत जातं ते मीटरमधूनच जातं. पहिल्या प्रयत्नात मी पिन मिलीअँपिअरच्या खाचेत ठेवून दार उघडलं, आतला दिवा लागला आणि मीटरचाच फ्यूज उडाला. डॉक्टरचंच ब्लडप्रेशर वाढावं तसं. दुसऱ्या खेपेला 10 अँपिअरच्या खाचेत पिन ठेवली, दारं लावली, तर आकडा 0.41. झोपलेल्या गाडीने 0.05 च्या आत राहावं. 70 अँपिअर-अवरची नवी बॅटरीसुद्धा या दराने आठवडाभरात कोरडी पडते. माझी म्हातारी तिसऱ्या दिवशी राम म्हणत होती. मधूनच आकडा 0.56 वर उडी मारायचा आणि खाली यायचा. तो मी मीटरचा दोष मानला. माझ्या हातातल्या वस्तूचा दोष असू शकतो, एवढं मी मोठ्या मनाने मान्य करतो.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या वाटेवर चोर. बत्तीस फ्यूज काढले. शेवटी डबी बोळक्या तोंडासारखी रिकामी झाली, आकडा जेमतेम 0.38 वर आला. डायनॅमोची जाड वायर सोडली. 0.38. गाडीत काहीच जोडलेलं नव्हतं आणि ती निवांत पीत होती.

फ्यूज परत बसवताना संशय आला तो समोरच्या कप्प्यातल्या दिव्याचा. तो झाकण लावल्यावर विझतो हे आपण विश्वासावर धरतो. आत जाऊन कोणी पाहिलंय? (फ्रिजबद्दल ही शंका मला लहानपणापासून आहे.) फ्यूज काढूनही आकडा पडला नव्हता, म्हणजे दिवा आपोआप निर्दोष ठरत होता, पण पाच महिन्यांनी माणूस तर्काच्या पलीकडे गेलेला असतो. मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला, कप्प्यात ठेवला, झाकण लावलं आणि अंगणात अकरा मिनिटं फेऱ्या मारल्या.

संध्याकाळी बायकोला तो व्हिडिओ दाखवायला बसलो. झाकण लागलं, काळोख. दिवा निर्दोष. मी बंद करणार, तोच काळोखातून शेजारच्या काकूंचा आवाज आला.

"अजून गाडीतच आहेत का गं?"

आणि मग बायकोचा. "हो ना. फ्यूज काढून झाले, आता परत घालतोय."

"चालते का पण?"

"गाडी नाही चालत. पण तेवढा वेळ घरात लुडबुड करत नाही."

मी अतिशय शांतपणे बायकोकडे पाहिलं. अशा वेळी माणूस शरमतो, निदान पदर चाचपतो. ती म्हणाली, "मागे जा जरा."

"पुन्हा ऐकायचंय?"

"ते नाही रे. मध्ये ते टक् कसलं?"

मी स्वतःची बदनामी ऐकत होतो, त्यामुळे मागचं काही ऐकलं नव्हतं. पुन्हा लावला. 'लुडबुड'च्या आधी एकदा आणि नंतर एकदा: टक्. बारीक, नख आपटल्यासारखं. रिलेचा, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचचा, आवाज. मीटरवरची ती उडी मीटरची नव्हतीच.

कप्पा उपसून बाहेर काढला. त्याच्या पाठीमागे, टेपमध्ये ममीसारखी गुंडाळलेली, काड्यापेटीहून जरा मोठी काळी डबी होती. तिची लाल वायर फ्यूजच्या डबीला वळसा घालून थेट बॅटरीच्या जाड केबलला पिळलेली. फ्यूज नाही, काही नाही. ती चोरघंटा होती. तिचा भोंगा कोणीतरी केव्हाच काढून नेला होता, पण डबीला ते कोणी सांगितलं नव्हतं. अधूनमधून तिला चोर आल्यासारखं वाटायचं, मग ती रिले ओढून नसलेल्या भोंग्याला ओरडायला सांगायची, टक्, आणि पुन्हा कान देऊन बसायची. चोराने ही गाडी नेऊ नये याची इतकी चोख व्यवस्था मी दुसरी पाहिलेली नाही. तिसऱ्या दिवसानंतर चोरच काय, मालकही ती नेऊ शकत नव्हता.

वायर सोडली. 0.03.

चौथ्या दिवशी सकाळी गाडी एका सेल्फला सुरू झाली. शेजारी बोनेट उघडून उभा होता, त्याला मी हात हलवला. काच खाली करून, दार बंद ठेवून. मग मामांना फोन लावला.

"चोरघंटा?" मामा म्हणाले. "मी नाही बसवली. आधीच्याची असेल. थांब, थांब. एक रिमोट आहे किल्ल्यांच्या खिळ्याला. बारा वर्षं लटकतोय, कशाचा ते कळत नव्हतं. दाबू?"

"मामा, ती डबी आता माझ्या टेबलावर पडली आहे. कशालाच जोडलेली नाही. आणि तुम्ही इतक्या लांब."

"दाबून बघायला काय जातंय? हं, दाबला. काही झालं?"

"नाही."

"मग हा दुसऱ्याच कशाचा तरी," मामा म्हणाले, आणि त्यांनी रिमोट परत खिळ्याला अडकवल्याचा आवाज मला फोनमध्ये स्वच्छ ऐकू आला. टक्.