देशोदेशीच्या इंटरनेटचा तो तक्ता खोटा का आहे

‘जगात कोणाला किती वेगवान आणि किती स्वस्त इंटरनेट मिळतं’ अशा मथळ्याचा एक तक्ता सध्या सगळीकडे फिरतोय. देशाचं नाव, पुढे एक वेग, डॉलरमधली किंमत आणि शेवटच्या रकान्यात ‘अनलिमिटेड’ किंवा ‘लिमिट’. खाली पाच ठाम वाक्यं. माझ्या आत्याने तो मला पाठवला आणि पाठोपाठ फोन करून सांगितलं, की त्यातले आकडे बघून तिने घरचा प्लॅन बदलून सगळ्यात वरचा घेतला, तोही वर्षभराचे पैसे आगाऊ भरून. ती इंटरनेटवर व्हिडिओ कॉल करते आणि मालिका बघते, बस. तिला जे हवंय त्याचा या तक्त्याशी काडीचाही संबंध नाही. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतोय.

‘स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी २५ गिगाबिट, बाकी जग शंभर-दोनशे मेगाबिटवर अडकलेलं.’

सगळा तक्ता या वाक्यावर उभा आहे, त्यामुळे इथे जरा थांबावं लागेल. यातलं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. इनिट-सेव्हन नावाची स्विस कंपनी २०२१ पासून घरगुती ग्राहकांना २५ गिगाबिटचं (सेकंदाला २५ हजार मेगाबिट) कनेक्शन देते. पण ते ‘घरोघरी’ नाही. जिथे एक्स्चेंजपासून, म्हणजे भागातल्या जोडणी केंद्रापासून, घरापर्यंत स्वतंत्र फायबर (काचेची तार) गेलेली आहे आणि त्या एक्स्चेंजमध्ये कंपनीची यंत्रणा बसलेली आहे, तिथेच ते मिळतं. शिवाय तेवढा वेग झेलणारा राउटर लागतो. घरातल्या बहुतेक लॅपटॉपचं नेटवर्क पोर्ट १ किंवा २.५ गिगाबिटवर थांबतं, आणि वाय-फायवर तर त्याहून कमी हाती लागतं.

याहून मोठा घोटाळा पुढे आहे. स्वित्झर्लंडसमोर एका कंपनीचा सर्वात वेगवान प्लॅन लिहिलाय आणि त्याच रकान्यात बाकीच्या देशांसमोर स्पीडटेस्ट या वेग मोजणाऱ्या साइटच्या जागतिक यादीतला मध्यक, म्हणजे निम्म्या मोजण्या ज्याच्या वर आणि निम्म्या खाली असतात तो आकडा. म्हणजे एकीकडे जाहिरातीतला कमाल आकडा, दुसरीकडे लोकांनी आपल्या घरातून, बहुतेक वेळा वाय-फायवरून, स्वतः मोजलेला वेग. हे दोन आकडे एका रकान्यात बसूच शकत नाहीत. कोणत्याही देशाची जाहिरात घ्या आणि दुसऱ्या कोणत्याही देशाची मोजणी घ्या, पहिला देश जिंकणारच.

हा फरक मी काढलेला नाही, तो कायद्यात लिहिलेला आहे. युरोपीय संघाच्या २०१५/२१२० क्रमांकाच्या नियमानुसार घरच्या कनेक्शनच्या करारात चार वेग वेगवेगळे सांगावे लागतात: किमान, नेहमी मिळणारा, कमाल आणि जाहिरातीतला. तेही डाउनलोड आणि अपलोड दोन्हींसाठी. सांगितलेला आणि मिळणारा वेग यांत वारंवार मोठी तफावत पडली, तर तो करारभंग धरण्याची तरतूदही तिथेच आहे. जर्मनीत तर डिसेंबर २०२१ पासून अशा ग्राहकाला बिल कमी करून मागता येतं. एका वेगाला चार नावं द्यावी लागली, कारण एकाच आकड्यावर लोक फसत होते. आणि आपल्याकडे फिरणारा तक्ता पुन्हा एकच आकडा देतो, तोही चारांपैकी कोणता हे न सांगता.

चार आकडे वेगवेगळे का पडतात? कारण बहुतेक घरांपर्यंत येणारी फायबर स्वतंत्र नसते. जीपीओएन या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत एक्स्चेंजमधून निघालेली एक फायबर पुढे ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते, आणि त्या सगळ्यांना मिळून डाउनलोडसाठी साधारण २.५ गिगाबिट असतात. दुपारी कोणी वापरत नसताना तुम्हाला पूर्ण गिगाबिट दिसेल. रात्री सगळे एकदम बसले की काय दिसतं, तो खरा वेग. ब्रिटनमध्ये मे २०१८ च्या आधी एखादा वेग दहापैकी एका ग्राहकाला मिळत असला तरी कंपनीला तो जाहिरातीत छापता यायचा. आता जो वेग किमान निम्म्या ग्राहकांना रात्री ८ ते १० या वेळेत मिळतो, तोच छापावा लागतो. त्या एका बदलाने तिथल्या जाहिरातींतले आकडे घसरले. तारा होत्या तशाच होत्या.

या वाक्यामुळेच माझ्या आत्याचे पैसे गेले, म्हणून मला ते सर्वात घातक वाटतं. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की एचडी चित्रासाठी ५ मेगाबिट पुरतात आणि फोर-के साठी १५. व्हिडिओ कॉलला याहून जास्त लागत नाही. तिचा कॉल अडकायचा तो राउटर दोन भिंतींपलीकडे आहे म्हणून, आणि जुन्या प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडच्या मानाने फारच कमी होता म्हणून. पलीकडच्या माणसाला आपला चेहरा दिसतो तो अपलोडवर. तक्त्यात अपलोडचा रकानाच नाही. भिंती आजही तिथेच आहेत. राउटर मधल्या खोलीत आणला असता तर एक पैसाही लागला नसता.

‘बाहेर इंटरनेट महाग, डॉलरचा हिशेब करून बघा.’

केला, आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही. विनिमय दराने बदललेली किंमत त्या देशातल्या माणसाला ते परवडतं का, हे सांगत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ किंमत मोजतो ती दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्केवारीत, आणि साध्या ब्रॉडबँडचा महिन्याचा खर्च २ टक्क्यांच्या खाली असावा हे संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाचं उद्दिष्ट आहे. त्या मोजणीतही खोच आहेच: तिथला मूळ प्लॅन महिन्याला फक्त ५ जीबीचा धरलेला असतो. शिवाय तक्त्यातल्या अमेरिकी किमती पहिल्या वर्षाच्या सवलतीच्या आहेत की नंतरच्या, कर आणि राउटरचं भाडं धरलंय की नाही, हे कुठेच लिहिलेलं नाही. हीच लपवाछपवी थांबवण्यासाठी अमेरिकेत एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक प्लॅनसोबत किंमत, वेग आणि डेटा मर्यादा सांगणारं लेबल लावावं लागतं.

‘प्रगत देशांत सगळं अनलिमिटेड.’

साफ खोटं. कॉमकास्ट या मोठ्या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या लाखो ग्राहकांना वर्षानुवर्षे महिन्याला १.२ टेराबाइटची (१,२०० जीबी) मर्यादा होती. त्यापुढे वापरलं की जादा बिल. नव्या प्लॅनमधून ती काढली गेली २०२५ मध्ये. १ गिगाबिटच्या कनेक्शनवर १.२ टेराबाइट पूर्ण वेगाने २ तास ४० मिनिटांत संपतात. वेग आणि मर्यादा वेगवेगळ्या वाचल्या की असं फसायला होतं. काही देशांत मर्यादा ओलांडल्यावर बिल वाढत नाही, नुसता वेग उतरतो. तक्त्यात दोघांनाही ‘लिमिट’ म्हटलंय. ज्याला महिन्याच्या शेवटी अनपेक्षित बिल येतं, त्याच्यासाठी हा फरक लहान नाही.

‘अमुक देशात इतके टक्के लोकांकडे ब्रॉडबँड.’

कोणतं ब्रॉडबँड? अमेरिकेत २०२४ पासून १०० मेगाबिट डाउनलोड आणि २० अपलोड असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणतात. त्याआधी २५ आणि ३ चालायचे. कॅनडाने २०१६ मध्ये ५० आणि १० ठरवले. भारतात २०२३ पासून किमान २ मेगाबिट. टक्केवारी शेजारी शेजारी ठेवण्याआधी व्याख्या तरी बघायच्या.

‘लहान देश म्हणून वेगवान, मोठे देश मागेच राहणार.’

सिंगापूरचं उदाहरण देऊन हे नेहमी सांगितलं जातं. सिंगापूरला दाट वस्तीचा आणि उंच इमारतींचा फायदा झाला, यात शंका नाही. पण वेग ठरतो तो निर्णयांवर. आइसलँडमध्ये एका चौरस किलोमीटरला जेमतेम चार माणसं राहतात आणि एकूण कनेक्शनमधल्या फायबरच्या वाट्यात तो देश ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या यादीत अगदी वर आहे. जर्मनीत तेवढ्याच जागेत दोनशेहून जास्त माणसं आहेत आणि तो देश त्याच यादीत तळाच्या गटात आहे, कारण तिथे जुन्या तांब्याच्या तारांवरच वेग वाढवण्यात वर्षं गेली. स्पेनमध्ये नियामकाने मोठ्या कंपनीला जमिनीखालच्या वाहिन्या प्रतिस्पर्ध्यांसाठी खुल्या करायला लावल्या आणि फायबर झपाट्याने पसरली. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये ९० टक्के घरांपर्यंत थेट फायबर न्यायचं ठरवलं होतं. २०१३ मध्ये सरकार बदललं, खर्च वाचवायला अनेक ठिकाणी शेवटचा टप्पा तांब्यावरच ठेवला, आणि २०२० मध्ये त्यातल्या बऱ्याच घरांपर्यंत पुन्हा फायबर न्यायची योजना जाहीर करावी लागली.