रेस लावायचीच तर एकाच लॅपटॉपवर लावा

आज सकाळी सकाळी डोकं फिरलंय, लांबलचक लिहिणारे. कंटाळा आला तर खुशाल पुढे सरका.

मावसभावाने फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला. शेजारी शेजारी दोन लॅपटॉप, एक नवाकोरा मॅकबुक आणि एक आठ वर्षं घासलेला विंडोजवाला, दोघांची बटणं एकदम दाबली, मॅक अर्थातच आधी चालू झाला. खाली लिहिलंय 'विंडोजवाल्यांसाठी दोन मिनिटं मौन'. अरे राजा, ही ऑपरेटिंग सिस्टीमची रेस आहे का? २०२० ला ॲपलने स्वतःची एम १ चिप आणली, प्रोसेसर आणि मेमरी एकाच पॅकेजमध्ये, ती पळतेच, त्यात वाद नाही. पण ते चिपचं कौतुक झालं ना! घोडा बदलून जॉकीला मेडल कशाला देता?

मी एवढंच लिहिलं, तर उत्तर आलं, "तू बोलू नकोस, काकांना अजून ते डबडं वापरायला लावतोस."

डबडं!

तर त्या डबड्याबद्दल. बाबांचा लॅपटॉप २०१४ चा. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, आत गरागरा फिरणारी हार्ड डिस्क. बाबा बटण दाबून अंघोळीला जायचे आणि परत आले तरी तो बारका दिवा लुकलुकतच असायचा. टास्क मॅनेजर, म्हणजे आत कोण किती राबतंय ते दाखवणारी खिडकी, उघडला की डिस्क १०० टक्के कामात. विंडोज ११ चा प्रश्नच नव्हता, त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे धडधाकट कीबोर्ड, धडधाकट स्क्रीन, आणि भंगारात टाका म्हणे! मी त्यात लिनक्स मिंट टाकलं, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, त्यातही एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपवालं. आता बाबा बटण दाबतात आणि चष्मा शोधेपर्यंत डेस्कटॉप हजर.

आणि 'लिनक्स म्हणजे हॅकर लोकांचं' म्हणणाऱ्यांनो, तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आहे. २०१७ पासून जगातल्या टॉप ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीत सगळेच्या सगळे लिनक्सवर. आणि त्याच फोनवर टाईप करून लिनक्सला नावं ठेवताय.

हो, फोटोशॉप लिनक्सवर येत नाही. काही ऑनलाइन गेमचं अँटी-चीट, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, ते गेम लिनक्सवर चालू देत नाही. आणि वीस वर्षांपूर्वीचं एखादं सॉफ्टवेअर जितक्या निमूटपणे विंडोज चालवतं तितकं दुसरं कोणी चालवत नाही, मॅकने तर २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिट, म्हणजे जुन्या पद्धतीची, ॲप्स सरळ बंद केली. झाकण मिटलं की शांत झोपायचं आणि उघडलं की टुणकन उठायचं, हे मात्र मॅकनेच करावं. बाबांच्या लॅपटॉपला हे अजून धड जमत नाही. झालं समाधान?

बाबांचे जुने फोटो आहेत, स्कॅन केलेले, हजारो बारक्या फाइली. तो फोल्डर कॉपी करायला आधी अख्खी दुपार जायची. विंडोजवर प्रत्येक फाइल उघडताना अँटीव्हायरस डोकावतो, त्यामुळे एक मोठी फाइल भरकन जाते पण बारक्या फाइलींचा ढीग रखडतो. मिंटवर तोच फोल्डर बघता बघता गेला. बाबा म्हणाले, "नीट गेलेत का रे सगळे? एवढ्यात कसे गेले?" आणि एकेक उघडून बघत बसले.

बरं. आता राग जरा उतरलाय म्हणून खरं सांगतो. ज्या दिवशी मिंट टाकलं त्याच दिवशी मी ती फिरणारी डिस्क काढून एसएसडी, म्हणजे काहीच न फिरणारी वेगवान डिस्क, पण बसवली होती. अंघोळीचा जो वेळ वाचला त्यातला निम्म्याहून जास्त तिचा असणार. तीच एसएसडी घालून विंडोज १० परत टाकलं असतं तर तेही पळालं असतं, मी करून बघितलं नाही एवढंच. म्हणजे घोडा मीही बदललाच. मावसभाऊ, हे वाचत असशील तर हा पॅरा सोडून दे.

आणि बाबांच्या फोटो स्कॅनरला मिंटवर चालता करायला माझे तीन रविवार गेलेत, तेही लिहून टाकतो आता.

हे टाईप करतानाच बाबांचा फोन आला. "अपडेट आलंय म्हणतोय, दाबू का? मग मी अंघोळ उरकून घेतो."

म्हटलं, "बाबा, थांबा तिथेच, होईल आत्ता."

"नको रे, असू दे. सवय आहे मला," म्हणाले आणि गेले.